हिरव्या मानेच्या लोंब्या

यंदा पुन्हा खाचरं पिवळी पडायला लागली आहेत. सकाळी बांधावर गेलो की पायाखालचा चिखल आता आवाज करत नाही, घट्ट झाला आहे. पात्यांवरच्या दंवाने पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होतो. आणि वास येतो. पिकत्या भाताचा वास कुणाला समजावून सांगता येत नाही. थोडा भिजल्या गोणपाटाचा, थोडा गाईच्या अंगाचा, आणि मधूनच दूध उतू गेल्यावर चुलीतून येतो तसला गोडसर. अंबाडीच्या नाक्यावर मला डोळे बांधून उभं करा, वाऱ्याच्या एका झुळकेवरून सांगेन की आमचा झिनी भात कापणीला आला की अजून आठ दिवस आहेत. माझं शिक्षण तिसरी. पण या परीक्षेत माझ्यापुढे कुणी बसू नये.

लोंब्यांचं तोरण करायचं तर लोंब्या कापणीच्या आधी काढाव्या लागतात. दाणा भरलेला हवा, पण लोंबीची मान हिरवी हवी. एक दाणा दाताखाली धरायचा. दूध आलं तर घाई झाली. कट्‌कन तुटला तर उशीर झाला. जरा चिवट लागला की विळा काढायचा. हिरव्या मानेची लोंबी वाळतानासुद्धा दाणा धरून ठेवते. पिवळ्या मानेची सोडून देते, धक्का लागला की खाली. हे माझ्या आईने मला खळ्यात उभं करून सांगितलं होतं आणि सत्तरी ओलांडेपर्यंत मी एकदाही चुकलो नाही.

मागच्या साली चुकलो. ठाऊक असून चुकलो. त्याला कारण मोबीन.

आधी धर्माचं सांगतो, म्हणजे मोबीन कळेल. धर्मा राहनाळचा. राहनाळ माझं आजोळ, म्हणून लहानपण त्याच्याबरोबर खाडीच्या चिखलात गेलं आणि तिसरीतून शाळा सुटली तीही एकाच दिवशी. भाताचे भारे बांधायची गाठ त्याला मी शिकवली. पेंढ्याला पीळ द्यायचा, टोक आत खोचायचं आणि अंगठ्याने दाबायचं, एवढीच ती गाठ. पण धर्माचा हात जड, त्याची गाठ नेहमी फुगायची. त्याने बांधलेला भारा मी शंभरात ओळखायचो.

त्याच्या लग्नात सगळ्यांनी पितळेची भांडी दिली. माझ्याकडे भांडं नव्हतं आणि उसनं आणून देणारा मी नव्हे. दोन दिवस खळ्यात बसून तोरण केलं. पेंढ्याची तीनपदरी वेणी, तिच्यात एकेक लोंबी ओवलेली, खाली पाच पदर सोडलेले. मांडवात नेलं तेव्हा बायका हसल्या. धर्मा नाही हसला. म्हणाला, "पितळ घासत बसावं लागतं. हे नुसतं बघत बसता येतं." त्याने स्वतःच्या हाताने दाराच्या चौकटीत खिळा ठोकला आणि ते टांगलं.

तेव्हापासून दर साली एक तोरण. सुगीच्या तोंडावर मी नेऊन द्यायचं, त्याने टांगायचं, चिमण्यांनी महिनाभर खायचं, उरलेल्या काड्या पुढच्या सुगीपर्यंत राहायच्या. घर त्याचं, दार त्याचं, पण तो खिळा माझा होता. त्यावर कुणी छत्री अडकवलेली मला चालत नसे. एकदा त्याच्या मेहुण्याने अडकवली होती. मी ती काढून ओट्यावर ठेवली आणि मेहुण्याच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे राहनाळची खाचरं एकेक करून गोदामांखाली गेली. धर्माचीही गेली. मी त्याला बरंवाईट काही बोललो नाही. मानकोलीकडून येताना आता दोन्ही बाजूंना पत्रेच पत्रे दिसतात, आणि जिथे आम्ही बेडूक पकडायचो तिथे कंटेनर उलटा वळतो. जुनं घर पाडून दोन मजली झालं, दाराला ग्रॅनाइटची चौकट आली. तिच्यात खिळा जात नाही. धर्माने वरच्या ग्रिलला एक हुक वाकवून घेतला आणि मला फोन करून सांगितलं की तुझी जागा केली आहे. चिमण्याही गेल्याच होत्या, ग्रिलला सुनेने जाळी मारली. एवढं सगळं बदललं तरी माझं काही गेलं नाही असं मला वाटायचं.

मग खालच्या भाड्याच्या खोलीत मोबीन आला. पन्नाशीचा माणूस, बायकापोरं तिकडे उत्तरेत गावाला, हा इथे लूमवर, कापडाच्या मागावर. लूमवर ताण्याचा उभा धागा तुटला की तो शोधून जोडायचा, हे त्याच्या हातचं काम. हजारो धाग्यांत तुटलेला एक त्याला दिसतो, बोटाच्या एका फेऱ्यात गाठ बसते, आणि ती गाठ कापडात हुडकून सापडत नाही. हे मला धर्माने इतक्या वेळा ऐकवलं की ती गाठ न बघताच माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी मोबीन वर येतो आणि दोघं व्हरांड्यात चटई टाकून बसतात. काय बोलतात देव जाणे. धर्मा माझ्याशी बोलताना मध्येच 'बराबर' म्हणायला लागला. एखादी गोष्ट सांगायला लागायचा आणि अर्ध्यावर म्हणायचा, ही मोबीनला सांगितली होती, फार हसला. म्हणजे मला शिळी मिळायची. एकदा मी फोन केला तर म्हणाला, थांब जरा, मोबीन काय सांगतोय तेवढं ऐकू दे. साठ वर्षांत धर्माने मला थांब म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवला नाही. कानाला लावून थांबलो, आणि पलीकडचं त्यांचं हसणं सगळं ऐकलं.

बायको, आमची सुभद्रा, म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय. दुखतंय तर दुखतंय. भावाभावांत शेताची वाटणी कशी करायची ते मी बघितलेलं आहे, मध्ये बांध घालतात. दोस्ताची वाटणी कशी करायची ते मला कुणी शिकवलं नाही.

मागच्या सालच्या दसऱ्याच्या सुमाराला धर्माचा फोन आला. म्हणाला, मोबीनने माझ्यासाठी एक वस्तू केली आहे, येऊन बघ. मी गेलो. भात तेव्हा नुकतं निसवत होतं, लोंबी बाहेर पडत होती, एसटीच्या खिडकीतून हिरवीगार खाचरं दिसत होती. धर्माच्या पायऱ्या चढलो आणि वर बघितलं. माझ्या हुकावर तोरण होतं. सुताचं.

लूमवरच्या उरल्यासुरल्या धाग्यांच्या लोंब्या. पिवळ्या, मध्ये मध्ये तांबूस, शेंड्याला जरा हिरवट. एकेक दाणा म्हणजे एकेक गाठ. वेणीही सुताची, तीनपदरी. खाली पाच पदर. लोंबी वाकते कुठे आणि किती, तेसुद्धा त्याने बरोबर धरलं होतं. ज्याने जन्मात कधी शेतात विळा घातला नसेल त्याने माझी लोंबी जशीच्या तशी उतरवली होती.

मोबीन हात पुसत उभा होता. म्हणाला, "चाचा, तीन साल आपका देखा, तब जाके हाथ चला."

हे त्याने आदराने म्हटलं, हे मलाही कळलं. म्हणूनच जास्त लागलं. शिवी दिली असती तर मला उत्तर सुचलं असतं. मी पुढे होऊन एक दाणा नखाने ओढून बघितला. निघाला नाही. जोर लावला. तरी नाही. धर्मा मागून सांगत होता की हे आपलं तुझं भात येईपर्यंत, मग हुक तुझा. मी ते ऐकलं, पण आत जाऊ दिलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. याचं झडत नाही. याला चिमणी लागत नाही, वाळवी लागत नाही, पुढच्या सुगीला याच्या काड्या होत नाहीत. मग माझं कशाला हवं?

घरी आलो आणि रोज खाचराच्या कडेला उभा राहायला लागलो. झिनीचा रंग बघत. मोबीनचं सूत पिवळं होतं. त्याहून माझं पिवळं हवं होतं. नुसतं पिवळं नाही, उन्हात धरलं तर डोळे दिपतील असं. हिरव्या मानेचं तोरण पहिले आठ दिवस मळकट दिसतं, वाळल्यावर रंग धरतं. मला आठ दिवस थांबायचं नव्हतं. दारात पाऊल टाकल्याबरोबर त्याच्या सुतावर मात व्हायला हवी होती. म्हणून लोंबी पिवळी होईपर्यंत शेतातच थांबलो.

सुभद्रा भारे बांधायचे बंद पिळत बसली होती. म्हणाली, "अवो, माना पिवल्या पडल्या. कदी कापनार?"

"तुला काय कळतं?" मी म्हणालो.

तिला सगळं कळतं. आईने मला खळ्यात ते शिकवलं तेव्हा ही नवी नवरी शेजारी उभी होती.

ते दिवस मला आजही दिसतात. आभाळ धुतलेलं, वारा कोरडा, आणि वारा आला की सगळं खाचर सळसळायचं. पिकलेल्या भाताची सळसळ हिरव्या भातापेक्षा निराळी असते, तिच्यात दाण्यावर दाणा घासल्याचा बारीक आवाज असतो. तो आवाज कानावर आला की शेतकरी विळा शोधतो. मी तो आवाज ऐकत हाताची घडी घालून उभा होतो. दाणा दाताखाली धरला, कट्‌कन तुटला. तरी आणखी दोन दिवस थांबलो. मग कापल्या. दंव असताना कापावं, काडी मऊ असते, तर मी भर उन्हात कापल्या, कारण उन्हात रंग खरा कळतो. एक नियम मोडल्यावर दुसरा मोडायला वेळ लागत नाही.

पण झालं सुंदर. खोटं कशाला सांगू? इतकं देखणं तोरण माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. ओवताना मांडीवर दाणे पडत होते, ते मी बघितले नाहीत असं मनाला सांगितलं. कापडी पिशवीत अलगद ठेवून एसटीत बसलो. अंबाडी ते भिवंडी रस्ता कसा आहे ते जाणाऱ्याला माहीत. प्रत्येक खड्ड्याला पिशवीत सर्‌ असा आवाज व्हायचा. मी पिशवी मांडीवरून छातीशी घेतली. पुढे रिक्षात ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली, रिक्षावाला आरशातून बघत होता की म्हातारा काय करतोय. राहनाळला उतरलो तेव्हा पिशवी तळाला जड लागत होती आणि वरून हलकी.

धर्माने मला बघितलं आणि स्टुलावर चढला. मोबीनचं तोरण काढलं, खाली उभ्या मोबीनच्या हातात दिलं आणि माझं टांगलं. टांगताना आणखी झडलं. ग्रॅनाइटवर दाणे टपटप वाजले. पेंढ्याची वेणी तेवढी भरदार, बाकी उघड्या काड्या, कुठे दोन दाणे, कुठे चार. सून केरसुणी घेऊन आली, तिला धर्माने डोळ्यांनीच परत पाठवली. ते मी बघितलं. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने एवढी काळजी घ्यावी, हे मला सोसलं नाही.

मोबीन म्हणाला, बहुत अच्छा है, चाचा. मी म्हणालो, अच्छा काय त्यात, काड्या आहेत.

"बाळ्या, बस. च्या घे," धर्मा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. त्याचंच लाव. त्याचं झडत न्हाय."

पायऱ्या उतरलो. पिशवी तिथेच राहिली. रिक्षा मिळेपर्यंत कंटेनरच्या धुळीत उभा राहिलो, आणि कुणी मागून हाक मारेल म्हणून नाही, असं स्वतःला बजावत मागे बघत राहिलो.

मग सालभर गेलो नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला, लावणी झाली. धर्माचा फोन यायचा. पाऊस हाय का? हाय. तब्येत? बरी हाय. मी सुरुवात करायचो नाही आणि तो विषय काढायचा नाही. पण शुक्रवार मला कॅलेंडर न बघता कळायचा. शुक्रवारी जेवण नीट जात नसे. आता चटई टाकली असेल, आता च्या आला असेल, आता धर्मा एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगत असेल आणि ती ऐकणारा मी नसेन. हुकावर कुणाचं तोरण असेल ते विचारायची गरज नव्हती. माझं मीच सांगून आलो होतो.

यंदा, हे एवढ्यातलंच, सकाळी बांधावर असताना फोन वाजला. धर्माने पाऊस विचारला नाही, तब्येत विचारली नाही.

"बाळ्या, मान हिरवी हाय का?"

ज्याच्या नावावर आता मूठभर माती नाही तो विचारत होता. मी खाली वाकून बघितलं. दाणा दाताखाली धरला. चिवट होता.

"हाय," मी म्हणालो.

"मग काप."

दंवात कापल्या. सुभद्राने पेंढा भिजवून दिला. तोरण मळकट दिसत होतं, दिसायचंच. जायला मुद्दाम शुक्रवार धरला. काय चालतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

दोघं चटईवर होते. मी त्यांच्याकडे बघायच्या आधी हुकाकडे बघितलं. हुकावर माझंच तोरण होतं, मागच्या सालचं. पण भरलेलं. मला वाटलं डोळे गेले. जवळ गेलो, चष्मा पुसला. खरे दाणे, भाताचे, टरफलासकट. एकेक दाणा बारीक सुताने काडीला बांधलेला. पहिले चार पदर भरले होते, पाचवा अर्ध्यातून उघडा.

धर्मा म्हणाला, "तू पिशवी टाकून गेलास. पायरीवरचे पण गोळा केले. तुझेच तेवढे दाणे लावायचे, दुसरे न्हाय, असं ठरवलं. म्हणून पाचवा पुरला न्हाय."

"मला फोनवर सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर म्हनला असतास, माझ्या तोरणाला हात कुनी लावला."

म्हणालो असतो, हे खरं आहे.

मी दाणे बघत राहिलो. बहुतेक गाठी दिसतच नव्हत्या, दाणा काडीतूनच फुटल्यासारखा. आता मला कळलं धर्मा काय सांगायचा ते. पण मध्ये मध्ये, पाच-सात दाण्यांआड एक, अशी फुगलेली गाठ होती की दाणा तिच्यात बुडाला होता. टोक आत खोचलेलं, अंगठ्याने दाबलेलं. जड हात. शंभरात ओळखेन.

माणसाला अशा वेळी बरं वाटायला हवं. मला आधी जे वाटलं ते खरं सांगतो. मला त्या गाठींचा हेवा वाटला. किती शुक्रवार बसले असतील दोघं? एक दाणा उचलायचा, एक धागा तोडायचा. माझ्या तोरणाला माझेच दाणे लावत, माझ्याबद्दल बोलत, आणि मी तिकडे शेतावर जेवण टाकून. जिच्यात मी सगळीकडे होतो त्या बैठकीत नेमका मी नव्हतो.

मोबीनने माझ्या हातातली नवी पिशवी घेतली, तोरण बाहेर काढलं आणि दोन्ही हातांवर धरून बघितलं. "चाचा, ये तो पक्का है," तो म्हणाला. धर्माने विचारलं, जुनं काढू का? हुक एकच होता. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी नवं तोरण मोबीनच्या हातातून घेतलं. घेताना ग्रॅनाइटच्या चौकटीवर जरा आपटलं. चुकून आपटल्यासारखं. मग पुन्हा एकदा, जोरात. पायरीकडे बघितलं. एक दाणा पडला नाही. यंदा मी वेळेवर कापलं होतं.

चटईवर दोघांच्या मध्ये सुताची रीळ होती, तिच्या शेजारी दाण्यांची रिकामी वाटी. मी पायऱ्यांकडे पाठ करून अंगठ्याचं नख नव्या तोरणातल्या एका दाण्याच्या बुडाशी घातलं, पिळलं, उपटला.

"हा सुटलाय," मी म्हणालो. "सूत दे इकडं."

मोबीन सरकला. धर्मा दुसरीकडे तोंड करून खोकत होता, खोकला आलेला नसताना. मी नवं चटईवर ठेवून स्टुलावर चढलो. जुनं तोरण हुकावरून उतरवलं, खाली बसून मांडीवर घेतलं, पाचव्या पदराची पहिली उघडी काडी धरली. धागा बारीक, माझी बोटं भेगाळलेली. दाणा दोनदा निसटला, मोबीनने दोनदा उचलून दिला आणि बोट कुठून फिरवायचं ते करून दाखवलं. तिसऱ्या खेपेला गाठ बसली. मोबीनच्या गाठीशेजारी ती ढेकळासारखी दिसत होती.

पण धर्माच्या गाठीपेक्षा बारीक आली. हे मी त्याला चष्मा लावायला सांगून दोनदा दाखवलं. मग नव्यातला आणखी एक दाणा उपटला.